वासंतीची रिकामी ओटी

एका राज्यात फुलांची नावे उरली होती, फुले उरली नव्हती.

तिथल्या मुलींना कुणी बकुळा म्हणे, कुणी जुई म्हणे, कुणी अबोली म्हणे. पण त्यांतल्या एकीनेही आपल्या नावाचे फूल पाहिलेले नव्हते. घरोघरी परसात वेली होत्या. त्यांना पाणी मिळे, पालवी फुटे, त्या मांडवावर चढत. मग चैत्र लागे, कळी धरायची वेळ येई, आणि कुणी दटावून गप्प बसवावे तशा त्या थबकत. असे अठरा चैत्र गेले.

पूर्वी असे नव्हते. पूर्वी वासंती या राज्याची माहेरवाशीण होती. चैत्राच्या पहिल्या दिवशी ती अनवाणी यायची, आणि जिथे तिचे पाऊल पडे तिथे फूल उमले. ती आधी विणकरवाडीत जाई, मग तेल्यांकडे, कुंभारांकडे, लोहारांकडे आणि सर्वांत शेवटी राजवाड्यात. प्रत्येक परसाचे फूल निराळे. विणकरांचा मदनबाण, कुंभारांचा सोनचाफा, तेल्यांची मधुमालती. "तुमच्या चाफ्याला वास आहे हो, पण आमच्या मदनबाणाची एक कळी ठेवली की घर भरतं," असे बायका एकमेकींना खिजवीत, आणि ही गोड भांडणे वैशाखभर चालत. वैशाखाच्या शेवटच्या दिवशी वासंती दारोदार निरोप घेई. ती म्हणे, "येते." घर तिची ओटी भरी आणि म्हणे, "ये बाई, लवकर ये." त्या राज्यात निघणारा कधी 'जाते' म्हणत नसे आणि निरोप देणारा कधी 'जा' म्हणत नसे.

मग एका वर्षी ती गेली ती आली नाही. का, ते कुणाला कळले नाही.

राज्यातल्या सात जाणत्यांनी यावर अठरा वर्षे विचार केला. विचाराला बसलेल्या जाणत्यांना मांडी मोडायची घाई नसते. त्यांचे मुख्य होते राजगुरू वाचस्पती. फुले थांबली तेव्हा राजा सुप्रताप पाळण्यात होता, म्हणून राज्य वाचस्पतींनी सांभाळले होते, आणि आता राजाला मिसरूड फुटली तरी तो त्यांच्याकडे पाहूनच मान हलवी. राजाच्या मुकुटात सात सोन्याची फुले होती. फुले थांबली त्या वर्षी ती राजवाड्याच्या दारात सापडली होती. ती शापित होती. मुकुट डोक्यावर असला की राजाला कशाचाच वास येत नसे, चुलीवरच्या भाताचाही नाही. आणि राजाने मुकुट उतरवायचा नाही असा नियम होता.

अठराव्या पाडव्याला दवंडी फिरली. "ऐका हो ऐका! फुले घरांच्या दोषाने थांबली आहेत. बायकांची श्रद्धा आटली आहे. आता वाट पाहणे पुरे. अक्षय्य तृतीयेला सर्व परसबागा खणून काढल्या जातील आणि तिथे काळी फरशी बसेल!"

विणकरवाडीत गिरजा नावाची विणकरीण राहत होती. ती लुगड्यांच्या काठावर मदनबाणाच्या कळ्या विणी, आठवणीतून. तिला एक मुलगी होती. फुले थांबली त्याच वर्षी ती जन्मली, म्हणून घरात एक तरी फूल असावे या हट्टाने गिरजाने तिचे नाव नेवाळी ठेवले होते.

दवंडी ऐकून गिरजाने कळशी उचलली आणि मदनबाणाच्या आळ्यात पाणी ओतले.

"आई, उपटणार आहेत ना ती वेल?" नेवाळी म्हणाली.

"महिन्याने उपटतील. तहान तिला आज लागली आहे."

"आणि दोष तुझा आहे म्हणतात, ते चालतं तुला?"

"मोठी माणसं आहेत. म्हणू दे."

"नाही म्हणू देणार," नेवाळी म्हणाली, आणि तशीच, ओल्या पायांनी, राजसभेत गेली.

सभेत सातही जाणते बसले होते. नेवाळीने नमस्कार केला आणि विचारले, "महाराज, दोष घरांचा आहे हे कुणी शोधून काढलं?"

राजाने वाचस्पतींकडे पाहिले. वाचस्पती म्हणाले, "मुली, तुझं वय किती?"

"फुलं थांबून जेवढी वर्षं झाली तेवढं."

"म्हणजे तू फूल पाहिलेलंच नाहीस. जे पाहिलं नाही त्यावर बोलू नये."

"आपण पाहिलं आहे ना, गुरुजी? मग अठरा वर्षं आपण काय केलंत?"

सभेत कुणीतरी हसले आणि लगेच खोकले. वाचस्पतींची काठी जमिनीवर आपटली. "हिला एवढा पुळका आहे तर हिनेच फूल आणावं. अक्षय्य तृतीयेपर्यंत आलं नाही, तर पहिली वेल हिच्या परसातली. आणि ती हिने स्वतःच्या हाताने उपटायची."

"मान्य," नेवाळी म्हणाली. "येते, महाराज."

"ये," राजा म्हणाला.

"येते, गुरुजी."

वाचस्पतींनी मान फिरवली. नेवाळी क्षणभर उंबऱ्यात थांबली, मग निघाली. म्हाताऱ्याचा ताठा, दुसरे काय, असे तिला वाटले.

घरी परसातल्या शेवग्यावर एक तांबट पक्षी बसला होता. हिरवा, गुबगुबीत, कपाळाला लाल टिळा. तो नेवाळीच्या जन्मापासून तिथे टुक टुक करत होता. आज तिचे डोके तापलेले होते. ती ओरडली, "अरे, काय ठोकतोस रोज?"

"कुलूप," तांबट म्हणाला. "अठरा वर्षं ठोकतोय. उघडत नाही. पण विचारलंस, बरं केलंस. जाणत्यांनी पोथ्यांना विचारलं, ताऱ्यांना विचारलं, मला एकानेही विचारलं नाही."

"तुला काय ठाऊक आहे?"

"वासंती राजवाड्याच्या दारातून रडत निघाली ते मी पाहिलं. तिची ओटी रिकामी होती. धड सासरी जाता येईना, धड माहेरी फिरता येईना, म्हणून ती राज्याच्या शिवेवर बसून राहिली. तिथे शब्दपाल नावाचा मायावी आहे. त्याच्या कोठीत ती अडकली आहे."

"दारात तिला कुणी काय म्हटलं?"

तांबट ओशाळला. "ते मी ऐकलं नाही. माझीच टुकटुक चालली होती."

गिरजाने मुलीला भाकरी बांधून दिली. तिच्या पदराच्या गाठीत आपल्या हातातल्या दोन हिरव्या बांगड्या बांधल्या. म्हणाली, "वाटेत तुझी एखादी वाढली तर हात ओका राहायला नको. ये बाळा."

"येते, आई."

पुढे तांबट, मागे नेवाळी. तीन दिवसांत ती शिवेवर पोचली. तिथे पाटीच्या दगडाचे एक घर होते, त्याला एकामागे एक अशी तीन दारे होती. पहिल्या दारात शब्दपाल बसला होता. त्याच्या अंगावर केसांऐवजी अक्षरे होती. तो दाढी कुरवाळी तेव्हा त्यातून एखादी वेलांटी गळून पडे.

"वासंतीला न्यायला आले आहे," नेवाळी म्हणाली.

"तीन दारं, तीन कामं," शब्दपाल म्हणाला. "माझा नियम ऐक. ज्या घरची बोली, त्या घरचा अर्थ. घरात जो शब्द तसा चालत नसेल, त्याचा अर्थ अक्षर सांगेल तो. हा नियम मलाही मोडता येत नाही."

त्याने तिच्या हातात एक नारळ दिला. "सूर्य माथ्यावर येण्याआधी हा वाढव."

नेवाळीने नारळ कानाशी हलवून पाहिला. मग तिने तो उचलला आणि उंबऱ्याशेजारच्या दगडावर आपटला. नारळाची दोन शकले झाली. पाणी शब्दपालाच्या पायांवर उडाले.

"फोडलास!" तो ओरडला.

"आमच्या घरात नारळ कुणी फोडत नाही. वाढवतो. खोबरं घ्या, गोड आहे."

पहिले दार उघडले. तांबटाने ओले खोबरे टोचून पाहिले आणि मान डोलावली.

दुसऱ्या दारापाशी शब्दपाल हसत उभा होता. "आता मीही तुमची बोली शिकलो. बांगड्या वाढव."

नेवाळीच्या घरात बांगडी फुटली म्हणत नसत. बांगडी वाढली म्हणत. दगड जवळच होता. हातातल्या चारही बांगड्या आईने पाडव्याला भरल्या होत्या. शब्दपाल तिच्या मनगटाकडे पाहत होता.

ती जमिनीवर बसली आणि विचार करू लागली. बराच वेळ बसली. तांबट म्हणाला, "ठोकायचं असेल तर मी ठोकतो, तू डोळे मीट."

"गप्प बस," नेवाळी म्हणाली. मग उठली. तिने पदराची गाठ सोडली, आईच्या दोन बांगड्या काढल्या आणि हातात भरल्या. चाराच्या सहा झाल्या.

"वाढवल्या," ती म्हणाली.

"हा तुमच्या घरचा अर्थ नव्हे!"

"आमच्या घरात बांगडी वाढते. आपसूक वाढते, कामाच्या झटापटीत. पण चांगल्या भरल्या हाताच्या बाईला 'बांगड्या वाढव' असं आमच्यात कुणीही म्हणत नाही. तसं बोलायची रीतच नाही. जी रीत घरात नाही, तिथे अर्थ अक्षराचा. नियम तुमचाच."

शब्दपालाच्या दाढीतून चार-पाच काने एकदम गळाले. दुसरे दार उघडले.

तिसऱ्या दाराला जाळी होती. आत वासंती बसलेली नेवाळीला दिसली. पदर पसरलेला होता, पदरात काही नव्हते. ती वर पाहत नव्हती.

शब्दपालाने मूठ उघडली. तळहातावर चिंचोक्याएवढी काळी बी होती. "हा तो शब्द. राजवाड्याच्या दारात वासंती 'येते' म्हणाली. समोरचा म्हणाला, 'जा'. तुमच्या कुठल्याही घरात जा म्हणायची रीत नाही, म्हणून अक्षराचा अर्थ लागू झाला. ती गेली. उंबऱ्यावर रागाने टाकलेला शब्द माझ्या मालकीचा होतो. तिसरं काम हे: ज्याने तो टाकला त्याला इथे आण."

"कोण तो?"

"नाव सांगायचा मला अधिकार नाही. खूण सांगतो. त्या दिवसापासून त्याच्या तोंडून 'ये' निघत नाही. कुणालाही नाही."

नेवाळीच्या डोळ्यांपुढे राजसभेचा उंबरा आला. फिरवलेली मान आली. ती वळली आणि चालू लागली. परतीची तीन दिवसांची वाट तिने दोन दिवसांत तुडवली.

सभा भरलेली होती. दाराबाहेर कुदळी आणि फावडी यांचा ढीग लागला होता. कुंभारवाड्याच्या बायका आपल्या कोरड्या चाफ्याच्या फांद्या कवटाळून उभ्या होत्या. नेवाळी थेट वाचस्पतींपुढे गेली.

"आलीस? फूल कुठे आहे?"

"फूल आपल्यापाशी आहे, गुरुजी. मी आपल्याला न्यायला आले आहे."

"मला? या वयात? कुठे?"

"शिवेवर. चालत."

सहा जाणते एकदम बोलू लागले. मोठ्यांशी कसे बोलावे, पूर्वीच्या मुली कशा होत्या, आईने काय शिकवले. नेवाळीने त्यांचे बोलणे संपेपर्यंत वाट पाहिली. ते संपेना, तेव्हा ती मधेच म्हणाली, "बरं. नका येऊ. मग मीच येते, गुरुजी."

आणि ती उंबऱ्यावर जाऊन थांबली.

सभा पाहत होती. निरोप द्यायला काय लागते? एक अक्षर. वाचस्पतींनी काठी घट्ट धरली.

"येते म्हटलं मी, गुरुजी," नेवाळी म्हणाली. "काहीतरी म्हणा."

वाचस्पतींचे ओठ हलले. गळ्याची शीर फुगली. आवाज निघाला नाही. राजा सुप्रताप आसनावरून पुढे झुकला. त्याला आता आठवले, लहानपणापासून तो खेळायला निघे आणि 'येतो, गुरुजी' म्हणे, तेव्हा म्हातारा दर वेळी खिडकीकडे पाही.

"अठरा वर्षं आपण आमच्या आयांना दोष दिलात," नेवाळी म्हणाली. तिचा आवाज मोठा नव्हता, पण सभेच्या टोकाला पोचत होता. "माझी आई दवंडी ऐकून खाली मान घालते आणि वेलीला पाणी घालते. रोज. दोष कुणाचा, ते आपल्याला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं."

वाचस्पती हळूच खाली बसले. बसले ते आसनावर नाही, पायरीवर.

"ती आधी विणकरवाडीत गेली," ते म्हणाले. "मग तेल्यांकडे. मग कुंभारांकडे. राजवाड्याला शेवटची पाळी. मी म्हटलं, हा राजाचा अपमान आहे. दोन महिने मी राग धरून बसलो. निरोपाला आली तेव्हा ओटीचं ताट तयार होतं. मी ते उचललं नाही. म्हटलं, जा. तिच्या ओटीत घरोघरची फुलं होती, ती उंबऱ्यावर सांडली आणि सोन्याची झाली. मीच ती मुकुटात बसवली."

"मग नंतर बोलला का नाहीत?" राजाने विचारले.

"लाज वाटली, महाराज. आणि जितकी वर्षं गेली तितकी जास्त वाटू लागली. त्याच ज्येष्ठात माझी कावेरी माहेरी आली होती. जाताना म्हणाली, येते बाबा. मला ये म्हणता आलं नाही. ती अंगणात उभी राहिली, खूप वेळ. मग गाडीत बसली. पुन्हा आली नाही."

सहा जाणते गप्प होते. अठरा वर्षांत पहिल्यांदाच.

नेवाळी आधी ताडकन काही बोलणार होती. पण ती पायरीपर्यंत गेली आणि तिने हात पुढे केला. "उठा, आजोबा. उशीर झालाच आहे, अजून करू नका."

राजाने मुकुट उतरवला. नियम होता, तरी उतरवला. त्यातली सात सोन्याची फुले काढून त्याने वाचस्पतींच्या उपरण्यात बांधली. मग तो एकदम दचकला आणि म्हणाला, "कुणीतरी शेजारी भात शिजवतं आहे!"

वाचस्पती शिवेपर्यंत अनवाणी चालले. पालखी मागे येत होती, ते बसले नाहीत. वाटेत दमले की तांबट पुढच्या झाडावर बसून टुक टुक करी, आणि म्हातारा कुरकुरत त्या झाडापर्यंत जाई.

शब्दपालाने ती काळी बी त्यांच्या तळहातावर ठेवली. "शब्द परत घ्यायचा म्हणजे गिळायचा. कडू आहे."

"असणारच," वाचस्पती म्हणाले. त्यांनी बी तोंडात टाकली. त्यांचे डोळे भरून आले, गळा घुसमटला, ते गुडघ्यांवर आले. पण त्यांनी ती थुंकली नाही.

तिसरे दार उघडले. वाचस्पती जाळीआड गेले, उपरणे सोडले आणि वासंतीच्या पसरलेल्या पदरात सातही फुले ठेवली. पदराला टेकताच सोने मऊ झाले; एक मदनबाण झाला, एक चाफा झाला. त्यांच्या पाकळ्या ओल्या होत्या.

"ये, बाई," वाचस्पती म्हणाले. शब्द फाटका निघाला, पण निघाला. "आधी विणकरवाडीतच ये. राजवाड्यात सवडीने ये. पण ये."

वासंतीने वर पाहिले. पदर खोचला. उभी राहिली. म्हणाली, "येते."

शब्दपाल दाढी कुरवाळायचा थांबला. घरचा अर्थ एक आणि अक्षराचा एक, असे त्याने आजवर हजारदा पाहिले होते. 'येते' हा शब्द अक्षरशः खरा झालेला त्याने त्या दिवशी पहिल्यांदा पाहिला. त्याने तिन्ही दारांना नमस्कार केला.

अक्षय्य तृतीयेच्या सकाळी कुदळीवाले विणकरवाडीत पोचले तेव्हा वाडीच्या तोंडाशी बायका उभ्या होत्या. त्यांना काही बोलायची गरजच नव्हती, वासच इतका होता. कुदळीवाल्यांनी कुदळी खाली ठेवल्या आणि डोक्यावरची मुंडाशी काढली.

गिरजाच्या परसात मदनबाण भरून आला होता, मांडव वाकेल एवढा. तिने एक कळी तोडली, काठावर विणलेल्या कळीशेजारी धरली आणि म्हणाली, "एक पाकळी कमी विणत होते गं इतकी वर्षं."

कुंपणाशी पांढऱ्या, बारीक, एकेरी पाकळ्यांची एक वेल फुलली होती. नेवाळी तिच्यापुढे थांबली. हे फूल तिने कधी पाहिले नव्हते.

"कुठलं हे?"

"तुझं," आई म्हणाली.

नेवाळीने फूल तोडले नाही. ताठ उभी राहून नुसती पाहत राहिली, आणि तिच्या घराला दोष देणारी दवंडी ज्या रस्त्याने आली होती, त्या रस्त्याकडे तिने एकदा मान वर करून पाहिले.

त्या दिवशी कुंभारांचा चाफा फुलला, तेल्यांची मधुमालती फुलली, बायकांची जुनी भांडणे अठरा वर्षांच्या व्याजासकट पुन्हा सुरू झाली. राजवाड्याची बाग सर्वांत शेवटी फुलली. तिच्या दाराशी ओटीचे ताट घेऊन एक म्हातारा वैशाख संपेपर्यंत बसणार होता. तिसऱ्या दिवशी त्या दारात एक बैलगाडी थांबली. केस पिकू लागलेली एक बाई खाली उतरली आणि उंबऱ्याबाहेरच उभी राहिली.

"बाबा, येऊ का?"

"ये," वाचस्पती म्हणाले.

राजाने जाणत्यांच्या सभेत आठवे आसन मांडले. त्यावर नेवाळी बसते. ती फार वेळ विचार करत नाही. खिडकीबाहेरच्या तांबटाला विचारते आणि उठते. त्या राज्यात आता निरोप देताना राजाही उंबऱ्यापर्यंत येतो, आणि 'ये' हा शब्द नीट, पूर्ण, ऐकू जाईल असा म्हणतो.

गोष्ट इथवर आली. संपली म्हणायची आपल्यात रीत नाही, म्हणून सांगणारीही रीतीनेच निरोप घेते.

येते.